आठ वर्षं उभी असलेली पद्मिनी रस्त्यावर आणायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादरच्या एका सोसायटीत आठ वर्षं उभी असलेली १९७८ ची प्रीमियर पद्मिनी तुम्ही घेतलीत, ट्रकवर चढवून इंदुरात आणलीत आणि आता ती रामबागेत तुमच्या अंगणात आहे. नवी बॅटरी टाकून सेल्फ मारून बघू का? ओळखीचा मिस्त्री म्हणतो इंजिन बोअर करावंच लागेल, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करावे लागतील, ते करू की आधी रंग करू? आणि विंटेज नंबर घेऊन दिवाळीत आई-बाबांना ओंकारेश्वरला नेता येईल का?

सेल्फ अजून मारू नका. बोअर आणि रंग, दोन्ही सध्या नको. ओंकारेश्वर जमेल, पण विंटेज नंबरच्या नादाला लागू नका.

मी इंदुरात जुन्या गाड्यांचंच काम करतो, त्यातही फियाट जास्त. गाडी घेतलेला माणूस आधी इंजिन आणि रंग यांवर पैसे ओततो, आणि सहा महिन्यांनी चकचकीत गाडी ब्रेक जाम होऊन किंवा वायर जळून पुन्हा उभी राहते, हे मी फार वेळा बघितलंय. पद्मिनीचं इंजिन हा त्या गाडीतला सगळ्यांत कमी काळजीचा भाग आहे. १०८९ सीसीचं, लोखंडी ब्लॉकचं, कमी कॉम्प्रेशनचं साधं यंत्र ते. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी त्यातून लाखो किलोमीटर काढले. आठ वर्षं उभं राहून बिघडतं ते दुसरंच काही: रबर, ब्रेक ऑइल, टाकीतलं पेट्रोल आणि वायरिंग. तुमचं बजेट आधी तिथे जाऊ द्या.

कागदांचं आधी सांगतो, कारण त्यांना वेळ सर्वांत जास्त लागतो आणि ते काम गाडीला हात न लावताही सुरू होतं. खाजगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमच्या आरसी बुकवर शेवटचं नूतनीकरण कधीचं आहे ते बघा. गाडी आठ वर्षं उभी होती म्हणजे ते बहुधा संपलेलं असणार. उशिराचा दंड खाजगी मोटारीला महिन्याला ५०० रुपये पडतो. शिवाय ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेनंतर वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालंय, आधी ५,००० होतं. हे आकडे गाडीच्या हिशेबात धरूनच चाला. ज्या आरटीओत नोंद आहे तिथली एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३०, या सगळ्यांवर जुन्या मालकाच्या सह्या लागतात. ते परदेशात मुलाकडे जाणार आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर निघून जायच्या आत त्या सह्या घ्या. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी फॉर्म २७. आणि आज संध्याकाळीच एक काम करा: चेसिस नंबरवर आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप काढा आणि आरसीशी जुळवून बघा. या गाड्यांची इंजिनं आयुष्यात कधीतरी बदललेली असतात. नंबर जुळत नसेल तर त्याचा निकाल एनओसीच्या आधी, जुन्या आरटीओतच लागायला हवा. इथे आल्यावर ते प्रकरण फार चिघळतं.

आता विंटेज. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत त्यासाठी वेगळी कलमं घातली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडीच त्यात बसते. तुमची १९७८ ची, म्हणजे २०२८ पर्यंत ती विंटेज नाहीच. आणि झाली तरी त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला नेणं, दुरुस्तीला नेणं, एवढंच. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला तर तिचा जुना नंबरच ठेवता येतो, म्हणजे ती पाटीही मिळणार नाही. ज्यांच्याकडे रॉल्स आणि बुइक आहेत त्यांना हे ठीक. आई-बाबांना देवदर्शनाला न्यायचं तर साधं नूतनीकरण आणि साधा इंदूरचा एमपी-०९ नंबर. आणि ‘पंधरा वर्षांवरची गाडी आता चालतच नाही’ असं कुणी सांगितलं तर ती भानगड दिल्ली-एनसीआरची आहे, इंदूरची नाही.

आता गाडीकडे वळू. ट्रकवरून उतरवल्यापासून ती चाकांवर आहे. चारही कोपरे उचलून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे ॲक्सल स्टँडवर, ठेवा. विटा अजिबात नकोत. वीट वजनाने एकदम फुटते, तडा जाऊन सूचना देत नाही. जॅक लावण्याआधी खाली झोपून बघा की जॅक लावताय तो पत्रा शाबूत आहे का. या गाडीला वेगळी चेसिस फ्रेम नाही, बॉडी हीच तिची चेसिस. म्हणून पत्र्याला लागलेला जंग हा नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. त्यातून गाडी दादरची, खारी हवा खाल्लेली. फूटमॅट आणि त्याखालचा फेल्ट पूर्ण काढा. दाराखालचे लांब खोके, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला मिळतात ती जागा, पुढच्या सस्पेन्शनचा क्रॉस मेंबर जिथे बसतो ती जागा, एवढ्या ठिकाणी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भदभद. चुंबक फिरवला तर जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पत्र्याचं वेल्डिंग रंगाच्या आधी आणि वायरिंगच्याही आधी. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सुटी, टाकी आणि पेट्रोलची नळी बाहेर. इथे मिस्त्र्याने ‘काही होत नाही’ म्हटलं तर मिस्त्री बदला.

मग ब्रेक. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि तुमच्या सालच्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरपासून, चारही चाकांना एकच लाइन. आजच्या गाडीत एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक उरतात. इथे एका चाकाच्या सिलिंडरमधला रबरी वॉशर फाटला की पॅडल थेट जमिनीला टेकतं आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. त्यामुळे ‘जेवढं गळतंय तेवढं बदलू’ हा हिशेब ब्रेकला लागू नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. आठ वर्षांत त्या पाण्याने सिलिंडरच्या आत बारीक खड्डे पाडलेले असतात. त्या खडबडीत बोअरमध्ये नवी किट (रबरी वॉशरांचा संच) घातली तर महिना-दोन महिने चालते, मग नवं रबर त्याच खड्ड्यांवर घासून फाटतं. मास्टर आणि सगळे व्हील सिलिंडर उघडा, बोअरमधून बोट फिरवा. गुळगुळीत असेल तरच नुसती किट. नखाला काही लागलं तर बोअरला पितळी किंवा स्टीलची स्लीव्ह बसवून घ्या किंवा सिलिंडर नवा.

पुढच्या चाकांकडे आणि मागच्या ॲक्सलकडे जाणारे रबरी होज पाइप न बघता बदला. बाहेरून ते नवे दिसतात, पण आतून फुगून भोक बुजलेलं असतं. पायाच्या जोराने ऑइल आत जातं, परत येत नाही, आणि ब्रेक धरून राहतो. लोक मग ड्रम घासतात, लायनर बदलतात, स्प्रिंग बदलतात, आणि दोष त्या वीतभर पाइपात असतो. लोखंडी नळ्या जिथे क्लिपने बॉडीला धरल्यात तिथे क्लिप सोडून बघा, कुजतात त्या नेमक्या तिथेच.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला मास्क लावा. आपल्याकडे गॅरेजमध्ये पोरं अजून फू करून ड्रम साफ करतात, त्यांनाही थांबवा.

ऑइल डॉट ३ चं, सीलबंद डब्यातलं. डबा उघडून वर्ष झालेलं कुणाच्या कपाटातलं नको. इंजिन ऑइलचा थेंबही ब्रेकमध्ये जाता कामा नये, त्याने सगळी रबरं फुगतात. हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. शेवटी पॅडल जोराने दाबून मिनिटभर तसंच धरा. हळूहळू खाली सरकलं आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टरमधला वॉशर आतल्या आत ऑइल सोडतोय. त्या गाडीने फाटकाबाहेर जायचं नाही.

ब्रेक झाले की टायर. टायरवरची नक्षी शाबूत आहे म्हणून खूश होऊ नका. बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार अंक बघा. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या टायरवर चार अंक सापडलेच नाहीत, तीनच सापडले, तर तो २००० च्या आधीचा आहे आणि त्याची जागा झोपाळ्याला. मूळ माप ५.२०–१४. पाचही बदला, ट्यूबसकट. स्टेपनी विसरतात लोक.

आता पेट्रोल. टाकीचं झाकण उघडून हुंगा. जुनं पेट्रोल पेट्रोलसारखं वासत नाही, त्याला वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. त्यातलं काही कामाचं नाही. टाकी खाली उतरवा, रिकामी करा, आतला जंग काढून धुऊन घ्या. टाकीला भोक असेल तर ते बुजवायचं काम ज्याला टाक्यांचाच अनुभव आहे अशा माणसाकडे द्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. गॅसची ज्योत तिच्याजवळ नेऊन माणसं गेली आहेत.

इथे एक गोष्ट नवी आहे, जी दहा वर्षांपूर्वी सांगावी लागत नव्हती. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. १९७८ ची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. साधी काळी नळी काही महिन्यांत मऊ पडते, आतून सोलते आणि ते काळे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी इथेनॉल चालणारी घ्या. दुकानदाराला व्हिटॉनची नळी म्हणून मागा. महाग असते, पण लागते किती, मीटर-दीड मीटर. एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा, डायाफ्रामही तशाच मालाचा हवा. त्याच्याकडे दुर्लक्ष केलंत आणि तो फाटला तर पेट्रोल गळून सरळ इंजिनच्या सम्पमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि वास पेट्रोलचा आला, तर इंजिन तिथेच बंद. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच जेटवर मिश्रण पातळ होतं. गाडी चालू झाल्यावर प्लगचं टोक पांढुरकं दिसायला लागलं तर मेन जेट एक नंबर मोठा घाला. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत आठ वर्षांपूर्वीसारखं पेट्रोल मुरवत ठेवू नका. ओल धरून इथेनॉल पाण्यासकट तळाशी बसतं आणि टाकी आतून पुन्हा गंजते.

मे महिन्यात अजून एक तमाशा होतो. सिग्नलला गाडी बंद पडते आणि अर्धा तास चालू होत नाही. नळीत आणि एसी पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. आमचे जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे आणि त्याचा खरंच उपयोग होतो. पण मुळातला इलाज म्हणजे नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब नेणं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा बसवणं.

वायरिंगला मी लोकांपेक्षा जास्त घाबरतो. जुनी वायर वरून ठीक दिसते, वाकवली की आवरण कडकड तुटतं. दादरला आठ वर्षं म्हणजे उंदीरही आलेच असणार. बॅटरी लावण्याआधी हे करा: बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकात आणि केबलमध्ये एकवीस वॉटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. सगळे स्विच बंद, दारं बंद. बल्ब भगभगून पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. सरळ बॅटरी लावली असती तर त्या जागी बल्बऐवजी तुमची वायर पेटली असती. बल्ब विझलेला राहिला की मग एकेक स्विच लावत जा. हे करायला अर्धा तास लागतो आणि यात काही जळत नाही.

दोष दोन-चारच निघाले तर दुरुस्त करा. चिकटपट्ट्यांचे जोडावर जोड निघाले तर पूर्ण हार्नेस (वायरिंगचा अख्खा संच) नवा घाला. मधला मार्ग नाही. या गाडीला फ्यूज मोजकेच. हॉर्न आणि हेडलाइट यांना वेगळे रिले व फ्यूज घातले की स्विचमधून सगळा करंट जाणं थांबतं आणि दिवे दुप्पट उजळतात. बॅटरीला एक कटऑफ स्विच, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली पावडरचा एक अग्निशामक. ‘मूळ स्वरूप बिघडतं’ म्हणून काही हौशी मंडळी याला नाकं मुरडतात. मुरडू द्या. सीटबेल्टचंही तसंच. बसवा, पण नुसत्या पत्र्याला नटबोल्ट मारून नाही. मागून जाड पट्टी देऊन, मजबूत खांबाला. आई-बाबा बसणार आहेत ना.

डायनामो आहे की आल्टरनेटर ते बघा. डायनामो असेल तर आयडलला तो जेमतेम चार्ज करतो. रात्री राजवाड्याच्या गर्दीत दिवे लावून वीस मिनिटं अडकलात तर बॅटरी उतरणारच, तो बिघाड नव्हे. रोज वापरणार असाल तर आल्टरनेटर बसवून टाका.

आता कुठे इंजिन. जुनं ऑइल काढा, कसं निघतं ते बघा. पाणी असेल तर ते आधी वेगळं बाहेर येतं. प्लग काढा, प्रत्येक भोकातून चमचाभर पातळ ऑइल सोडा आणि दोन दिवस विसरून जा. मग प्लग न लावता पुढून हँडल घालून हाताने फिरवा. सहज फिरलं तर छान. अडलं तर जोर लावू नका, ऑइल पुन्हा, अजून दोन दिवस. सेल्फने कधीही नाही. अडकलेल्या रिंगवर सेल्फचा झटका बसला तर रिंग तुटते आणि मग मिस्त्र्याचं ते बोअरचं भाकीत खरं ठरतं. टॅपेट कव्हर काढून बघा, हँडल फिरवताना आठही व्हॉल्व्ह खाली-वर होतायत का. एखादा अडकलेला सापडतो. नवं २०-४० ऑइल भरा आणि प्लग न लावताच, कॉईलची वायर काढून, सेल्फ मारा. आता सेल्फ चालेल. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडं थोडं थांबून फिरवा. दिवा विझला म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलं.

याच वेळी कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चार सिलिंडरमध्ये फरक किती हे बघा. एखादा फार कमी असेल तर त्यात ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पण उभ्या गाडीचा हा आकडा अंतिम नसतो. चिकटलेल्या रिंग दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर सुटतात, मी अशा सुटताना बघितल्यात. म्हणून बोअरचा निर्णय आत्ता नाहीच.

करंट येत नसेल तर कॉईल बदलायला धावू नका. आठ वर्षांत डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉईंटवर ऑक्साइड चढतो. बारीक पॉलिश पेपर फिरवा, पुसा, गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. जुना कंडेन्सर चालत असेल तर राहू द्या. हल्ली बाजारात जे नवे कंडेन्सर मिळतात त्यांतले बरेच डब्यातूनच मेलेले निघतात. आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून वायर तपासत बसू नका, पॉईंट मिटलेले असतील तर कॉईल तापून जाते.

पाण्याच्या बाजूचं एक लक्षात ठेवा: ब्लॉक लोखंडी असला तरी हेड ॲल्युमिनियमचं आहे. दोन धातू आणि साधं पाणी म्हणजे हेड आतून खाल्लं जाणार. कूलंट घाला, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून. बोअरिंगचं पाणी नको, नळाचं नर्मदेचंही नको. रेडिएटर उतरवून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्यांत सळी घालून साफ करून. वॉटर बॉडीला (पाण्याच्या पंपाला) खालून ठिबक असेल तर ती आत्ताच करून घ्या, नंतर घाटात करावी लागेल. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. मला ती पटत नाही. इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जातं. उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का बघा, उघडला तर परत बसवा. सगळे होज आणि फॅन बेल्ट नवे, जुना बेल्ट डिकीत.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा टाकी नको, कार्बोरेटरला छोट्या कॅनमधून पेट्रोल द्या. कॅन इंजिनपासून लांब, एक माणूस अग्निशामक घेऊन उभा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. धूर निघेल, भरपूर, तुम्हीच सिलिंडरमध्ये ऑइल ओतलंय. दहा मिनिटांनी तो कमी झाला पाहिजे.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. पॅडल लाकडाने दाबून रात्रभर ठेवा, सकाळी इंजिन बंद ठेवून, वरच्या गिअरमध्ये गाडी मागेपुढे हलवा. बहुतेक वेळा सुटते. स्टिअरिंगवरच्या गिअरची सांधणी ढिली असेल तर गिअर मध्येच अडकतो आणि लोकांना वाटतं गिअरबॉक्स गेला. आधी त्या दांड्यांचे बुश बदला, गिअरबॉक्स नंतर. पुढच्या किंगपिनला ग्रीस मारताना चारी बाजूंनी जुनं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर निपल बुजलेलं आहे.

सुटे भाग अजून मिळतात. सियागंज आणि छोटी ग्वालटोलीत विचारा, नाहीतर कुर्ल्याला माणूस पाठवा. ही गाडी मुळात कुर्ल्यातच १९६४ पासून फियाट डिलाइट म्हणून बनायची. पण मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे आता खप नाही आणि नव्या मालाचा दर्जा घसरतोय. धातूचा भाग जुना पण चांगला असेल तर खुशाल घ्या, पण पेटीत पडून जुनं झालेलं ‘नवं’ रबर घेऊ नका. रबर मात्र ताजंच घ्या.

रस्त्यावर काढण्याआधी किमान थर्ड पार्टी विमा हवाच. आरसी जिवंत नसेल तर गाडी फाटकाबाहेर नको, चाचणी अंगणातच. पीयूसीला या सालच्या पेट्रोल गाडीची मर्यादा आयडलला ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि १,५०० पीपीएम हायड्रोकार्बन अशी आहे. नीट लावलेल्या कार्बोरेटरला ती अवघड नाही. गाडी गरम करूनच न्या.

पहिली फेरी पहाटे, सुपर कॉरिडॉरला. साठच्या वर नको. परत आल्यावर चारही चाकांच्या हबजवळ हात न्या. एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग गेलंय. असं दोन-तीनदा थंडगार आलं की राऊवरून महू. तेही नीट झालं की सिमरोलचा भैरव घाट, पण रिकामी गाडी आणि बरोबर एक मिस्त्री. चढताना तापमान बघा. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून जाऊ नका, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ड्रम ब्रेक सतत दाबून तापले की पॅडल कडक असूनही गाडी थांबत नाही, आणि त्या रस्त्याला ट्रक भरपूर.

दिवाळी गाठायची घाई करू नका. कागद आणि घाट, दोन्ही झाले तरच ओंकारेश्वर, नाहीतर यंदा तुमच्या दुसऱ्या गाडीने जा. साधारण पाचशे किलोमीटर झाले की ऑइल पुन्हा बदला, पहिलं काळंकुट्ट निघेल. हेड उघडलेलं असेल तर त्याचे नट इंजिन गार असताना टॉर्क पान्याने पुन्हा कसा. पाट्यांचे यू-बोल्ट, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि ब्रेकच्या सगळ्या जोडण्या तपासा. मग कॉम्प्रेशन दुसऱ्यांदा मोजा, ऑइल किती खाल्लं ते लिहून ठेवा, आणि ते दोन आकडे इथे टाका. बोअर करायचा की नाही ते तेव्हा सांगतो. रंगवाल्याला तोवर ॲडव्हान्स देऊ नका.